पेद्रूचा आवाज

"माती केली तुमी आमच्या पेद्रूची! आनि वर 'बसा' बोलता?"

शब्द शर्लिनच्या तोंडचे, पण बोलत होता व्हिक्टर. गेल्या वर्षी कॅन्सरमुळं त्याचं स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून बाप नुसते ओठ हलवतो आणि लेक ते वाचून बोलते.

सिनेमे जपून ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसात साहेबाच्या टेबलावर पत्र्याचा डबा उघडा होता. आत रिळांचा चिकट गोळा, बुरशी धरलेल्या टेपा, आंबट वास.

पाचूबंदरच्या कोळीवाड्यात, चर्चच्या हॉलमध्ये व्हिक्टरनं तीस वर्षं एकाच फ्रेंच नटाचे सिनेमे दाखवले. एक परदेशी पाद्री मायदेशी जाताना अकरा सिनेमे ठेवून गेला होता. पहिल्यात नट कोवळा पाकीटमार, शेवटच्यात पिकल्या केसांचा एकटा बाप. फ्रेंच कोणाला कळतंय? व्हिक्टर माईक घेऊन पडद्याशेजारी उभा राही आणि नटाचे ओठ हलले की कोळी बोलीत बोले. नटाचं नाव कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गावानं त्याचा पेद्रू केला. तीस वर्षांत व्हिक्टरचा आवाजही पेद्रूसारखा पिकला. ते सगळं बोलणं टेपवर भरलेलं होतं. सहा वर्षांपूर्वी या ऑफिसानं रिळं-टेपा मागून नेल्या, कोरड्या खोलीत जपतो असं लिहून दिलं, आणि ठेवल्या जिन्याखाली, गळक्या टाकीला लागून.

"काका, त्याचे पिक्चर मोबाईलवर मिळतात की," साहेब म्हणाला.

"मिळतात. पन त्यात तो त्याच्या आवाजात बोलतो. माजा कुठं हाय?"

व्हिक्टरच्या बायकोचे, फिलोमिनाचे, आधी डोळे गेले, मग आठवण. नवऱ्याला ती आवाजावरूनच ओळखायची. आवाज गेला आणि नवरा परका झाला. हात धरला की किंचाळते, "कोन रं तू मेल्या? माजा व्हिक्टर येऊं दे, तंगडी मोडील तुजी!"

काल इथूनच फोन आला, टेपा घेऊन जा म्हणून. शर्लिननं आईला सांगून टाकलं, उद्या पप्पा बोलणार. म्हातारी सकाळपासून ठेवणीतलं लुगडं नेसून, पावडर लावून दारात बसलीय.

साहेबानं घड्याळ पाहिलं. "अर्ज देऊन ठेवा. बघू."

व्हिक्टरनं दोन्ही हात टेबलावर टेकले. ओठ इतके थरथरत होते की शर्लिनला वाचता येईना. त्यानं पुन्हा हलवले, सावकाश.

"घरी जाऊन तिला काय सांगू?" शर्लिननं विचारलं आणि पुन्हा बापाच्या ओठांकडे पाहिलं. "बोला ना, साहेब. तुमाला तर आवाज हाय!"