रिकाम्या हाताचं चालणं

“मॅडम, गुंडप्पाच्या घरात एकदा ठरलं की ठरलं!” अहमदपूरच्या किराणावाल्या गुंडप्पानं टेबलावर थाप मारली. “ही रोज सकाळी अर्धा तास चालंल. न्हाई चालली तर ही मिशी काढून तुमच्या टेबलावर ठेवतो.”

लातूरच्या दवाखान्यात हृदयाच्या पेशंटांचा व्यायाम घेणाऱ्या धम्मप्रियानं मिशीकडं पाहिलंच नाही. ती त्याच्या बायकोकडं, जगदेवीकडं पाहत होती. अटॅक येऊन गेलेली, छातीत स्प्रिंग बसवलेली जगदेवी खुर्चीच्या टोकावर बसली होती. हॉलमध्ये बाप्यांची गर्दी, बायकांत ही एकटी. तीही आजच्यापुरतीच, कारण तिला सारखं लातूरला आणायला घरात कुणाला सवड नव्हती.

“मावशी, रिकाम्या हातानं चालायचं. हात झुलवत. पिशवी न्हाई, डबा न्हाई. आन् छातीत दुखलं की तिथंच बसायचं, कुणाला तरी हाक मारायची.”

“हाव,” जगदेवी म्हणाली. मग हळूच, “हात झुलवत? लोक काय म्हणतील वं?”

लोक काय म्हणाले ते दुसऱ्याच दिवशी कळलं. त्या गल्लीत बाई सकाळी सकाळी रिकाम्या हातानं भराभरा निघते ती एकाच कारणानं. समोरच्या नीलम्माच्या हातून सड्याची बादली निसटली.

“अय्यो अक्का, कोन गेलं?”

“कोनी न्हाई गं. चालून राहिले.”

धक्क्यानं बाईचं डोकं फिरलं, असं समजून नीलम्मा थेट तिच्या घरात घुसली. गुंडप्पा इष्टलिंगाच्या पूजेला बसला होता. मांडी घातलेली, कपाळभर विभूती, तळहातावर लिंग, डोळे मिटलेले. लिंगायतांत गेलेल्या माणसालाही असंच बसवतात. नीलम्मानं हंबरडा फोडला. गल्ली गोळा झाली. पूजेत बोलायचं नाही म्हणून गुंडप्पा गप्प राहिला, आणि तो गप्प म्हणून बायका आणखी जोरात रडल्या. अंत्यविधी करणाऱ्या जंगमाला निरोप गेला. कुणीतरी हार घातला, तेव्हा गुंडप्पाला शिंक आली.

जगदेवी फेरी मारून आली तर दारात चपलांचा ढीग.

“उद्यापासून हातात कायतरी घेऊन निघ!” गुंडप्पा हार काढत ओरडला. “जित्या मानसाला मारून राहिली ही!”

पहिल्या दिवशी तिनं रिकामा डबा घेतला. दुसऱ्या दिवशी गुंडप्पा म्हणाला, “जाऊनच राहिलीस तं गहू टाक की गिरणीत.” तिसऱ्या दिवशी नीलम्मानं ज्वारीची पिशवी आणली. “अक्का, तुमचा व्यायामबी हुईल, माझं दळणबी.” पुढं गल्लीतल्या कुणालाच गिरणीला जायची गरज उरली नाही.

धम्मप्रियाचा फोन आला. गुंडप्पानं अभिमानानं सांगितलं, “एक दिवस खाडा न्हाई मॅडम!”

“हातात कायी नसतंय ना काका?”

“छे! गुंडप्पानं शब्द दिलाय!”

आडत बाजाराच्या भिंतीमागं मात्र जगदेवी डबा खाली ठेवायची. इकडंतिकडं बघायची. मग चार पावलं हात झुलवत जायची, झुलवत परत यायची, आणि डबा उचलायची. अर्ध्या तासातलं तेवढंच तिचं चालणं.

एका सकाळी नीलम्माच्या दारात तिच्या छातीत कळ आली. मॅडमनं सांगितलं तसं तिनं डबा-पिशवी ठेवली, पायरीवर बसली आणि हाक मारली.

“नीलम्मा, छातीत दुखून राहिलंय गं.”

नीलम्मा दारात आली आणि हसत सुटली. “आता मी न्हाई फसायची अक्का! त्या दिवशी तुमच्यापायी नवऱ्याच्या शिव्या खाल्ल्या. उठा, उठा, चालणं बाकी हाय तुमचं!” तिनं डबा उचलून जगदेवीच्या कमरेवर ठेवला. पिशवी हातात अडकवली.

जगदेवी गिरणीपर्यंत गेली. रांगेत डबा ठेवला, भिंतीला टेकून मांडी घालून बसली. नंबर आल्यावर गिरणीवाल्यानं दोनदा हाक मारली. डोळा लागला असेल म्हणून त्यानं दळण स्वतःच ओढून घेतलं.

तिला बसवायला कुणाला त्रास पडला नाही. ती बसलेलीच होती. गडबडीत गुंडप्पाचे गहू आणि नीलम्माची ज्वारी एकत्र दळली गेली.