डोक्याकडची जागा

कॉफीच्या यंत्राने तळाचं पाणी ओढून घेत लांबलचक घरघर केली आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली.

"कंबर गेली माझी," दाराची चौकट धरून आयनरकाका म्हणाले. "अंगणात दुखवट्याचा झेंडा अर्ध्यावर चढवत होतो. भाऊ वर पोचला, आणि मी अर्ध्यावर अडकलो."

कुणी हसलं नाही. थिराला हसू आलं, ते तिने लेकीच्या, लिवच्या वेणीत लपवलं.

दुपारी चर्चमधून तिच्या बाबांची शवपेटी बाहेर न्यायची होती. सहा कड्या, सहा माणसं, सगळी घरची. त्यातली सर्वांत जवळची दोघं डोक्याकडे. एका बाजूला थिरा, दुसऱ्या बाजूला काका. आता काकांची जागा रिकामी.

"अंत्यविधीवाल्यांकडून एक माणूस मागव," आई म्हणाली. कॉफी ओतताना तिने बशीत थेंब सांडू दिला नाही. "काळा कोटही त्यांचाच असतो."

"परका माणूस? बाबांच्या डोक्याशी?"

"मग घरचं कोण उरलंय?"

"गुद्रुन आहे."

काकांनी चौकट आणखी घट्ट धरली. गुद्रुन चौकातल्या बेकरीत कामाला होती. बाबांचीच मुलगी, थिराहून दोन वर्षांनी धाकटी, दुसऱ्या बाईपासून झालेली. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि सगळं गाव तिच्याकडूनच राय धान्याचा काळपट पाव घेत होतं, आईसुद्धा. थिराला काकांनीच सांगितलं, तिच्या लग्नाच्या जेवणात, तिसऱ्या ग्लासानंतर. त्यानंतर घरात विषय निघाला की कुणीतरी हवामानावर बोलायचं.

"ढग आलेत," काका म्हणाले.

"काका, तुम्ही गप्प बसा हो. आई, मी तिला बोलावणार आहे."

"सगळ्या गावासमोर? इतकी वर्षं तोंड मिटून काढली, ती काय आज तमाशा बघायला?"

"तू मिटलंस ना? मग मला कशाला मिटायला लावतेस? उद्या लिवलाही हेच शिकवशील."

आईने किटली खाली ठेवली. "ती पेटीला हात लावणार असेल तर मी चर्चमध्ये येत नाही."

"नको येऊस."

थिराचा आवाज फाटला, पण शब्द तिने मागे घेतले नाहीत.

आई आली. काळी टोपी, पहिला बाक. गुद्रुन सगळ्यांत मागे, दारालगत. शेवटचं स्तोत्र संपलं, खांदेकरी उठले, पण थिरा पेटीकडे वळली नाही. बूट वाजवत मधल्या वाटेने ती थेट मागे गेली.

"गुद्रुन, चल. डोक्याकडची जागा रिकामी आहे."

"वेड लागलंय का तुला? तुझी आई बघतेय."

"बघू दे. सगळेच बघू देत. म्हणून तर मोठ्याने बोलतेय."

"मला नाही जमायचं."

"पिठाची पोती उचलतेस ना? बाबा काय त्याहून हलके नाहीत, पण फार जडही नाहीत."

गुद्रुनच्या तोंडून हसू निसटलं. बाकांमधून कुणीतरी खोकलं. मग ती उठली.

दोघींनी समोरासमोर कड्या धरल्या. गुद्रुन वीतभर उंच, त्यामुळे पेटी एका अंगाला कलली. "हळू, म्हातारा घरंगळेल," मागून चुलतभाऊ पुटपुटला. गुद्रुनने गुडघे जरा वाकवले, थिराने टाचा उचलल्या, आणि पेटी सरळ झाली. मागे आईची पावलं खडीवर करकरत होती. ती थांबली नाही.

नंतर खानावळीत कॉफीच्या वेळी आईने हेरिंग माशांची बशी गुद्रुनपुढे सरकवली. "तुझा रायचा पाव हल्ली कोरडा असतो."

"दुकान बंद व्हायच्या वेळी आलात तर ताजा कुठून मिळणार?"

आईने ओठ आवळले. बशी मात्र मागे ओढली नाही.

लिव थिराच्या मांडीवर चढली. "ही पण आजोबांची मुलगी?"

"हो," थिरा म्हणाली, सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं. "माझी बहीण. तुझी मावशी."

लिवने गुद्रुनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग आजोबा पाव घ्यायला आले की ही त्यांना काय हाक मारायची?"