साहेबांच्या पोटाशी अडकलेला चेंडू

मी चेंडू बोलतोय. हो हो, चेंडूच! हसून घ्या एकदाचं, मग पुढे सांगतो. मैदान मी पाहिलेलं नाही, बॅटीशी माझी ओळख नाही. मी सोफ्याच्या कारखान्यातला चेंडू आणि माझं काम काय, तर मीटिंगला जाणं. आहे की नाही फुटकं नशीब?

जन्म माझा शिलाईच्या टेबलावरचा. पोटात उरलासुरला स्पंज, अंगावर लाल रेक्झिनचे तुकडे. मला शिवलं ताईनं. शिलाईकडची ती मुख्य. तोंडात टाचण्या धरून बोलते, त्यामुळे निम्मं बोलणं दातांतच राहतं. शेवटचा टाका घालताना म्हणाली, "जा बाबा, निदान तुझ्यामुळे तरी कुणी आमचं ऐकेल."

झालं होतं असं, की साहेब कुठल्याशा शिबिराला जाऊन आले. माणसांचा उत्साह कसा टिकवावा, सगळ्यांनी मिळून काम कसं करावं, नव्या कल्पना कशा बाहेर काढाव्यात, असलं बरंच काही डोक्यात भरून आले आणि आल्या आल्या फर्मान सोडलं. रोज सकाळी गोल करून उभं राहायचं. ज्याच्या हातात चेंडू, त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. साहेबांनीसुद्धा!

नियम झकास होता, खोटं कशाला बोलू? फक्त साहेब मला सोडेनात.

"मनमोकळं बोला! घाबरू नका!" म्हणत मला पोटाशी घट्ट धरायचे आणि स्वतःच सुरू व्हायचे. 'आपण एक कुटुंब आहोत' म्हणताना मला एकदा दाबायचे, 'वेगळा विचार करा' म्हणताना दोनदा. अहो, मी चेंडू की शेकायची पिशवी? समोर माणसं उभ्या उभ्या पाय बदलत होती. सुतारमामा तर डोळे उघडे ठेवून झोपायला शिकले. त्या शिबिरातून निघालेली नवी कल्पना म्हणाल तर एवढीच.

इकडे कारखान्यात रोजची जुंपलेली. सुतारमामा सांगाड्याचे कोपरे ऐनवेळी गोल करायचे आणि ताईला त्याचा पत्ता नसायचा. मग तिचं कव्हर कोपऱ्यांवर ढगळ लोंबायचं.

"मामा, सोफ्यानं थोरल्या भावाचा सदरा घातलाय वाटतं!"

"तुझी मापंच आंधळी, त्याला मी काय करू?"

पुन्हा उसवा, पुन्हा शिवा. जीव मेटाकुटीला आला नुसता. ताईकडे यावर तोड होती. ती सांगायला ती रोज गोलात हात पुढे करायची आणि मी आपला साहेबांच्या पोटाशी. शेवटी तिनं दुसरीकडे काम बघितलं. एका सकाळी शेजारणीला म्हणाली, "आजही चेंडू आला नाही, तर उद्यापासून मी येत नाही." ऐकून माझा स्पंज आवळला. आईच की हो माझी ती!

त्या दिवशी साहेब भलतेच रंगात आले. 'झेप घ्या!' म्हणत त्यांनी दोन्ही हात वर उडवले आणि मी निसटलो. मुद्दाम? तुम्हीच ठरवा. घामानं रेक्झिन बुळबुळीत झालं होतं, एवढंच सांगतो. गडगडत गेलो तो थेट ताईच्या पायापाशी.

तिनं तोंडातल्या टाचण्या काढल्या, मला उचललं. "प्रत्येक सोफ्याला एक सुतार आणि एक शिलाईवाली, अशी जोडी लावा. माझं मशीन सांगाड्याशेजारी मांडा. कोपरा गोल होतोय तो मला दिसू दे, कव्हर कसं बसतंय ते मामांना दिसू दे."

"वा! अगदी हेच मी म्हणत होतो!" साहेब हात पसरून पुढे आले.

ताईनं मला पाठीमागे नेलं. "साहेब, चेंडू माझ्याकडे आहे."

साहेबांचं तोंड उघडं आणि आवाज बंद. काय सुख सांगू तुम्हाला! मग तिनं मला भिरकावलं सुतारमामांकडे. मामा आज चक्क जागे होते. दचकले, पण झेल सोडला नाही.

"मला कोण विचारतंय?" ते पुटपुटले.

"चेंडू विचारतोय. बोला."

मामांनी मला उलटंसुलटं केलं. "टोकदार कोपऱ्यावर लोकांच्या पोरांची डोकी फुटतात, म्हणून गोल करतो. तुला आधी सांगायला हवं होतं, पोरी." घसा खाकरला. "आण तुझं मशीन इकडे."

ताई राहिली. आता माझी शिवण उसवलीय, अंगाला गोंद चिकटलाय, इतक्या हातांत आपटून हाडं नसताना ठणका लागलाय. त्याची तक्रार नाही. तक्रार एवढीच, की साहेबांच्या हातात गेलो की ते अजून पटकन सोडत नाहीत. तुमच्याकडेही माझा एखादा भाऊबंद असेलच. हात नाहीत, तरी हात जोडून सांगतो, त्याला कुरवाळत बसू नका. फेका हो, फेका!