पालथी पातेली

बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर सातवं पातेलं पालथं दिसलं, तेव्हा शालनबाईच्या तोंडून शिवी गेलीच. दाराबाहेर पातेलं पालथं ठेवलं की आज दूध नको, हा त्या सोसायटीतला एकोणीस वर्षांचा शिरस्ता. माणसं गावाला गेली की पातेलं पालथं पडायचं. पण एकाच दिवशी सात घरांनी गावाला जायला ना दिवाळी होती ना मे महिना. तिने दुधाचा कॅन खाली टेकवला आणि सातव्या दाराची बेल दाबून धरली.

दार वर्षालीने उघडलं. कडेवर वर्षभराचं पोर आणि नजर शालनबाईच्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीवर. मावशी, राग मानू नका, म्हणाली, पण आमचं बाळ काल दुपारी सलग चार तास झोपलं, एरवी अर्धा तास झोपत नाही. मग तुला बी जरा पाठ टेकायला मिळाली की, असं शालनबाई म्हणाली.

"तसं नाही हो मावशी. तुमच्या म्हशी बिअर पितात म्हणे. मग ती दुधात उतरणारच ना?"

शालनबाईला आधी हसूच आलं. पोरगी थट्टा करतेय असं वाटलं. वर्षालीने मोबाइल पुढे धरला. त्यात चंद्री म्हैस गोठ्याच्या तोंडाशी झोकांड्या देत चालली होती आणि खाली लिहिलं होतं, 'चिखलीच्या बेवड्या म्हशी, दूध घेताना सावधान'. चंद्रीच्या खुरात खिळा घुसला होता. तीन दिवस ती लंगडत होती. पण तेवढं विचारायला आत कोण येणार? शेणाचा वास येतो ना. फाटकाशी उभं राहून शूटिंग करायला मात्र वास आड येत नाही.

खरी गोष्ट एवढीशी होती. वाकडला एका हॉटेलात बिअर तिथल्या तिथे तयार करतात. ती करणारा कुलदीप नावाचा शिकलेला माणूस गेल्या दिवाळीपासून आठवड्यातून दोनदा टेम्पोने सातूच्या चोथ्याची दोन पिंपं तिच्या गोठ्यावर उतरवत होता. हॉटेलला तो टाकायचा कुठे हा प्रश्न, आणि म्हशींना तर तो पेढ्यासारखा आवडायचा. पहिलं पिंप आलं तेव्हा शालनबाईलाही शंका आली होती. तिने सरळ मूठभर चोथा तोंडात टाकला आणि चढते का बघायला तासभर उंबऱ्यावर बसून राहिली. काही झालं नाही, फक्त दातात टरफलं अडकली. मग कुलदीपने समजावलं. सातू गरम पाण्यात शिजवून त्यातला गोडवा तेवढा काढून घ्यायचा. पुढे बिअर होते ती त्या गोड पाण्याची, चोथा त्याच्या आधीच बाहेर पडतो. म्हणजे रस काढल्यावर उरलेलं उसाचं चिपाड, शालनबाई म्हणाली. कुलदीप म्हणाला, अगदी तेच.

एवढं चौथी शिकलेल्या बाईला एका वाक्यात कळलं. चाकणच्या कंपन्यांत रोबोट चालवणाऱ्या आणि हिंजवडीत बसून अमेरिकेची कामं करणाऱ्या माणसांना ते आठवडाभर कळलं नाही. तिने दारोदार उभं राहून सांगून पाहिलं. कुणी म्हणालं, आमचे सासरे माळकरी आहेत, त्यांच्या चहात पाप नको. ए विंगच्या एका बाईने दुधाला काडी लावून ते पेट घेतं का पाहिलं होतं. सी विंगमधला एक गृहस्थ जिन्यात गाठून हळूच विचारून गेला, की चढायची तर सकाळचं दूध चांगलं की संध्याकाळचं. सगळ्यात राग तिला त्याचा आला, कारण तो एकटाच विश्वास ठेवून खूश होता.

राग येणारच. एकतीस घरांचा रतीब होता आणि चार म्हशी. दूध थांबून राहत नाही आणि म्हशीचं पोटही. रतीब गेला तर म्हशी शनिवारी चाकणच्या बाजारात उभ्या करायच्या, आणि तिथे कोण कशासाठी म्हैस नेतो हे तिला ठाऊक होतं. नवरा गेल्यावर तिने त्या म्हशींच्या जिवावर दिवस काढले होते. त्यांच्याशी ती जेवढं बोलायची तेवढं माणसांशी बोलत नसे.

एक पातेलं मात्र सुलटं होतं. तीनशे दोन नंबरचं, कुसुमताईंचं. सोसायटीतलं हे तिचं पहिलं गिऱ्हाईक. शालनबाईचा नवरा, भिवा, गेला तेव्हा ती तेरा दिवस आली नव्हती, आणि त्या तेरा दिवसांत कुसुमताईंनी दुसऱ्या कुणाकडून दूध घेतलं नाही. घरात कोरा चहा केला. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही, वॉचमन भैरूकडून कळलं. त्या एका गोष्टीसाठी शालनबाई त्यांच्या पातेल्यात माप घातल्यावर वर आणखी थोडं ओतायची.

कुसुमताईंचे यजमान उद्धवराव सोसायटीचे चेअरमन. मूळचे बीडकडचे. चाकणच्या एका कंपनीत गेटचे मुख्य, म्हणजे आत येणारा प्रत्येक ट्रक ड्रायव्हर त्यांच्यासमोर दारू तपासायच्या नळीत फुंकल्याशिवाय आत जाऊ शकत नसे. मुलगा ज्ञानेश सत्तावीस वर्षांचा, घरात बसून कॉम्प्युटरवर काम करणारा. महिन्यापूर्वी तो बादली घेऊन गोठ्यावर आला होता. मावशी, गॅलरीतल्या झाडांना खत घालायचंय, थोडा चोथा द्या. तिने दिला. तीनदा दिला.

मग गुरुवारी बी विंगमध्ये काहीतरी फुटल्याचा आवाज झाला आणि डक्टमधून आंबट वासाचं पाणी खाली वाहत आलं. वास दोन दिवस हटेना. भैरूने खाली साफ केलं तेव्हा त्यात भिजलेले दाणे सापडले. ते गोठ्यावरच्या पिंपातले दाणे आहेत हे कुणीतरी ओळखलं, आणि सोसायटीतल्या विद्वानांनी निष्कर्ष काढला, की शालनबाईचं दूध तापवून पातेली धुतली की दाणे गटारात जातात आणि तिथे त्यांची बिअर होते. दुधातून सातूचे अख्खे दाणे कसे येतील, हा प्रश्न एकाही इंजिनीअरला पडला नाही.

रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा बोलावली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टेबल, टेबलावर पुरावा म्हणून दाण्यांची पिशवी. शालनबाईला खुर्ची कुणी दिली नाही आणि तिने मागितली नाही. उद्धवराव आधी बराच वेळ आरोग्यावर बोलले, मग कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही म्हणाले, आणि मग त्यांनी पिशवी तिच्या हातात दिली.

तिने पिशवी उघडून वास घेतला. चोथ्याला गुळाचा वास येत होता. तिच्या गोठ्यावर गूळ नव्हता. आणि चोथा तिने एकाच माणसाला दिला होता. तिने वर पाहिलं. ज्ञानेश खांबाला टेकून बडीशेप चघळत होता, डोळे तांबारलेले. भिवाही असाच बडीशेप चघळत घरी यायचा, पिणाऱ्याची ती खूण तिला नव्याने शिकायची गरज नव्हती. पोराने चोथ्यात गूळ आणि पाणी घालून, पावाचं यीस्ट टाकून झाकण घट्ट लावलेलं असणार. एक जार फुटला. दुसरा तो पीत होता.

ती बोलणारच होती. पण समोर कुसुमताई बसल्या होत्या, आणि तिला तो कोरा चहा आठवला. तिने पिशवी परत टेबलावर ठेवली. वाटलं, त्या बोलतील. आई आहे, घरातलं घरात मिटवून उद्या सगळ्यांना सांगेल की दुधाचा काही दोष नाही.

उद्धवरावांनी पेटीतून मशीन काढलं. तेच, कंपनीच्या गेटवरचं. त्याला नवी नळी लावली.

"रोज दीडशे ड्रायव्हर फुंकतेत ह्याच्यात. हे खोटं बोलत नाही. तुम्ही पण तेच दूध पिता ना रोज? फुंका बरं."

अठ्ठावन्न वर्षांची बाई. तिने कुसुमताईंकडे पाहिलं. कुसुमताईंनी एकदाच ज्ञानेशकडे पाहिलं आणि मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं. तेवढ्यावरून शालनबाईला कळलं, की बाईंना सगळं माहीत आहे. जार फुटल्यावर फरशी कुणी पुसली असेल? तिने नळी तोंडात धरली आणि फुंकलं. शून्य आलं. मागून कुणीतरी म्हणालं, आज प्यायल्या नसतील. उद्धवराव म्हणाले, पुन्हा एकदा, जरा जोरात. तिने पुन्हा फुंकलं. पुन्हा शून्य. दोघे-तिघे हसले.

"झालं माजं," ती म्हणाली. "आता ज्ञानेशला फुकाया लावा."

"त्याचा काय संबंध?"

"त्यो बी माजंच दूध पितो की. आठ वर्साचा व्हता तवापास्नं."

ह्यावर नाही म्हणायला उद्धवरावांकडे कारण नव्हतं, आणि सगळे बघत होते. ज्ञानेश म्हणाला, मला कॉल आहे. बाप म्हणाला, फुंक. त्याने अर्धवट फुंकलं. मशीनवर लाल दिवा लागला आणि ते टीं-टीं करत राहिलं. बंद कसं करायचं हे उद्धवरावांना क्षणभर सुचेना.

उद्धवरावांनी आकडा वाचला, मुलाकडे पाहिलं. दीडशे ड्रायव्हर ओळखणाऱ्या माणसाला समोरचा वास ओळखू आला नसेल असं कोण म्हणेल? पण त्यांचा चेहरा हळूहळू पुन्हा चेअरमनचा झाला. त्यांनी मशीन सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"बघा," ते म्हणाले. "म्हणजे दुधातच आहे."

आणि लोकांनी ते मान्य केलं. एकदम, सुटका झाल्यासारखं. वर्षालीने पोराला छातीशी धरलं. शालनबाईने मग सगळं सांगितलं, बादली, गूळ, तीन खेपा. ज्ञानेश म्हणाला, मी झाडांना खत नेलं होतं, बाकी मला माहीत नाही. मग तिला शून्य कसं आलं, असं भैरूने एकट्याने विचारलं, तर त्याला गेटवर जायला सांगण्यात आलं. कुणीतरी म्हणालं, तिला सवय झाली असेल, सवय झालेल्याला चढत नाही.

"ताई," शालनबाई म्हणाली, "तुमी तरी बोला."

कुसुमताई उठल्या आणि गॅसवर काहीतरी आहे असं पुटपुटत लिफ्टकडे गेल्या.

सोमवारी सकाळी शालनबाई नेहमीच्या वेळी आली. पहाटे धारा काढल्याच होत्या, आणि तोंड लपवण्यासारखं तिने काही केलं नव्हतं. कॅन भरलेला होता. ए विंग, सगळी पातेली पालथी. सी विंग, पालथी. काही दारांना तर डेअरीच्या दुधाच्या पिशव्या लटकत होत्या. तिने एकही बेल वाजवली नाही, पण एकही दार चुकवलं नाही. प्रत्येकासमोर थांबून मग ती पुढे गेली.

बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर एक पातेलं सुलटं होतं. घासूनपुसून लख्ख केलेलं, वर झाकण. तीनशे दोनचं दार बोटभर उघडं होतं आणि फटीतून साडीचा काठ दिसत होता. बाई आत उभ्या होत्या. बाहेर आल्या नाहीत.

शालनबाईने सवयीने कॅन उघडला, माप बुडवून भरून वर काढलं. क्षणभर तशीच उभी राहिली. तेरा दिवसांचा तो चहा खरा होता, तो काही खोटा झाला नव्हता, आणि म्हणूनच तिला जास्त लागलं. तिने माप पुन्हा कॅनमध्ये ओतलं. खाली वाकून पातेल्यावरचं झाकण उचललं, पातेलं स्वतःच्या हाताने पालथं केलं आणि झाकण त्याच्यावर नीट ठेवलं.

मग तिने कॅन उचलला. तो भरलेलाच होता, त्यामुळे जिना उतरायला वेळ लागला.