मास्तरांची वही आणि गौसभाईची छपरी

आमच्या ह्यांना, म्हणजे नृसिंह मास्तरांना, मोजल्याशिवाय घास उतरत नाही. पन्नास साली ह्यांनी नवं खूळ काढलं. शाळा सुटली की नगरपालिकेच्या कचेरीत जायचं आणि बांधकामाच्या अपिलांचे जे निकाल बाहेरच्या फळ्यावर चिकटवलेले असत, ते वहीत उतरवायचे. तीन वर्षांत एकसष्ट निकाल झाले, त्यातले मंजूर फक्त तीन. मग काय, पेठेत कुणालाही नोटीस आली की तो आधी आमच्या ओट्यावर.

समोरचा गौसभाई पत्र्याच्या ट्रंका करायचा. घरापुढं त्यानं छपरी टाकली होती. ती रस्त्यात येते म्हणून पाडायची नोटीस आली. अपिलाला मुदत तीस दिवस.

"मास्तर, काय चान्स हाय का?"

"शेकडा पाच," हे डॉक्टरसारखं तोंड करून म्हणाले. "उगाच हेलपाटे घालू नका."

गौसभाई मान खाली घालून गेला. आत एकच खोली, त्यात हाफिजाभाभी आणि चार पोरं. छपरी गेली की ठोकायला जागा नाही, म्हणजे धंदाच बसला. मला ह्यांचा असा राग आला की त्या दिवशी आमटीत मीठ घातलं नाही. ह्यांना कळलंही नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी हे तापानं अंथरुणात. तरी जीव वहीत! मलाच पाठवलं, "प्रमोदिनी, आठवड्याचे आकडे तेवढे आण."

फळ्यावर चार निकाल, चारही नामंजूर. तिथं आकाराम शिपाई तंबाखू मळत बसला होता. मी चिडून म्हटलं, "काय हो, तुमचे साहेब कधी हो म्हणतच नाहीत का?"

"म्हणत्यात की! निम्म्याला तरी म्हणत्यात."

"मग ते कागद कुठं आहेत?"

"मंजूर झालेलं कागद लोक सोता न्हेत्यात, बाई. पेढं घिऊन येत्यात. नामंजूर न्ह्यायला कोण येतंय? म्हणून त्ये फळ्यावर डकवायचं."

"अन् फळ्यावर जे तीन मंजूर लागले होते, ते?"

"त्यातला एक चंदगडला बदलून गेला, एक वारला, अन् एकाला अजून खरंच वाटत न्हाय."

मी पदर खोचला आणि भर उन्हात घर गाठलं. गौसभाई शिडीवर होता, दोन पत्रे उतरलेले.

"खाली उतरा!" मी ओरडले. "मास्तरांचं गणित चुकलंय!"

"मास्तरांचं?" त्याच्या हातातला पानाच खाली पडला.

हे सगळं ऐकल्यावर ह्यांचा ताप उतरला की चढला, देव जाणे. पण उठून बसले आणि अपील लिहिलं. पाच वाजायला दहा मिनिटं असताना गौसभाईनं ते कचेरीत दिलं.

दीड महिन्यानं तो पेढे घेऊन आला. छपरी एक हात मागं घ्यायची, बाकी मंजूर. मी पहिला पेढा ह्यांच्या तोंडात कोंबला.

त्या रविवारी दुपारी समोर ठोकठोक सुरू झाली. ह्यांची झोप मोडली. वही काढून लिहीत बसले. मला वाटलं, गौसभाईचं मंजूर मांडतायत. डोकावले तर शेवटच्या पानावर नुसती नावं होती. कुंभाराचा गुंडू, गिरणीवाला करीम, कोपऱ्यावरची तानाबाई, जिनं गेल्या साली आपल्या हातानं न्हाणी पाडली. ह्यांनी ज्यांना 'नको' म्हटलं होतं, ते सगळे. अकरा झाले होते आणि हे अजून आठवत होते.

"ही तर अपिलाला गेलीच नाहीत," हे म्हणाले. "ह्यांचे निकाल मी कुठल्या फळ्यावर बघू?"

मी उठून संध्याकाळच्या आमटीला लागले. त्या दिवशी मीठ आठवणीनं घातलं.