पैलवान बाहेर पडला

कुत्र्याचं नाव पैलवान, पण काळीज उंदराचं. पूर्वी तसं नव्हतं. शिंपीमास्तरांचा मुलगा त्याला रोज फिरायला न्यायचा. एका सकाळी कोपऱ्यावर ट्रकनं मुलाला उडवलं. तुटका पट्टा फरफटवत पैलवान एकटाच घरी आला, पलंगाखाली शिरला आणि त्यानंतर दाराबाहेर पडेचना. त्याचं शी-शू सगळं गॅलरीतच.

वर्ष सरलं. मुलाच्या मागे राहिलेल्या सुनेला दुसऱ्या गावी नोकरी लागली. रुजू व्हायला तीन महिन्यांची मुदत होती.

"बाबा, तुम्हीही चला."

"या वयात नवं गिऱ्हाईक कुठे शोधू? तू जा, पोरी. तुझं अख्खं आयुष्य पडलंय."

"पैलवानाला टाकून नाही जाणार. आणि ओढत नेणं माझ्याच्यानं व्हायचं नाही."

मास्तरांनी हातातली सुई कापडात टोचून ठेवली. मग म्हणाले, "मी शिकवतो त्याला."

त्यांनी दारात स्टूल टाकलं, उंबऱ्यावर उकडलेल्या अंड्याचा तुकडा ठेवला आणि शर्टाची काजं करत बसले. हाक मारायची नाही, बघायचंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी तुकडा गेला. मग पहिली पायरी, मग दुसरी. खाली हॉर्न वाजला की पैलवान थरथरत त्यांच्या पायांत शिरायचा.

"मलाही सोसत नाही रे तो आवाज," मास्तर पुटपुटायचे, आणि दोघं तिथेच बसून राहायचे.

दोन महिन्यांनी तो फाटकाबाहेर आला. झाड हुंगलं, तंगडी वर केली. मास्तरांचे डोळे भरून आले.

"आज कुठवर?" सुनेनं घरी विचारलं.

"अजून जिन्यातच घोडं पेंड खातंय," ते म्हणाले.

हे खोटं त्यांनी पंधरा दिवस रेटलं. मग एका संध्याकाळी कामावरून लवकर सुटलेल्या सुनेला ते दोघं कोपऱ्यापलीकडे दिसले. पैलवान तिच्या अंगावर झेपावला. मास्तरांची मान खाली.

"जमलं की हो, बाबा," एवढंच ती म्हणाली, आणि भर रस्त्यात त्यांचा हात धरून रडली.

रविवारी टेम्पो आला. पैलवानाला मास्तरांनीच खाली आणलं. आज हा बिचकेल, पायांत शिरेल, असं त्यांना आतून वाटत होतं. शेजारून ट्रक गेला, तरी तो हलला नाही. टुणकन उडी मारून सीटवर बसला आणि पुढचा रस्ता बघू लागला.

"शहाणा माझा," मास्तर म्हणाले.

टेम्पो वळेपर्यंत ते उभे होते. पैलवानानं एकदाही मागे पाहिलं नाही.