उपटलेली तिवरं

आमच्या मिठागरावर वनखात्याचे साहेब मंगळवारी पाहणीला येणार होते, आणि रविवारी ठाण्याच्या वल्लरीबाईंच्या निसर्गप्रेमी मंडळींनी तिथली तिवरं, म्हणजे खारफुटी, उपटून टाकली. माजलेलं रान समजून! वर बाईंचा मला मेसेज, "दर्शना, तुमची खाडी चकाचक!"

डोकंच सणकलं माझं. डोंबिवलीची खाडी आहे ती, बाथरूम नव्हे.

मी ठाण्याला कॉलेजात पर्यावरण शिकवते. सगळं बुडतंय, सगळं मरतंय हे पोरांना सांगून सांगून विटलेली मी. मग माझ्या बाबांनी, राघो मढवींनी, भावाशी, रतनकाकाशी, भांडून मिठागराचा बांध फोडला आणि भरती आत घेतली. कुणी एक रोप लावलं नाही. पाण्याबरोबर बिया आल्या, तिवरं उगवली, खेकडे आले, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या आल्या. पोरांना तिथे नेऊन मी म्हणायचे, बघा, होतं असं. वनखात्याकडे तिवरं नोंदली गेली असती तर जमीन वाचली असती. नाहीतर रतनकाकाचे भरावाचे डंपर तयारच होते.

"मना वाटला, तुझीच मानसा आली," बाबा म्हणाले. चहासुद्धा पाजला होता त्यांना!

तशीच वर्तकनगरला गेले आणि बाईंच्या दारातच सुटले, "अहो, झाडांवर एवढं प्रेम, आणि झाड ओळखता येत नाही?"

त्या रडायला लागल्या. "आम्ही पुन्हा लावून देतो."

"काही लावू नका! भरती आणेल परत. तुम्ही फक्त साहेबांना सांगा, तिथे काय होतं ते."

"पण तिवर तोडणं गुन्हा आहे ना?"

"आहे."

त्यांनी दार लावून घेतलं.

मंगळवारी साहेबांनी उकरलेला चिखल पाहिला. "तिवर कुठाय, मॅडम?" मी मोबाइल पुढे केला. "फोटो कुठलाही असतो हो."

"तिला सगळीकडं जंगलच दिसतं," काका हसला. मला रडू फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात मागून वल्लरीबाई आल्या. चपला हातात, साडी चिखलाने माखलेली. "इथे तिवरं होती साहेब. दाट. मी उपटली."

"बाई, केस होईल तुमच्यावर."

"होऊ द्या. लिहा."

काकाने कचकचीत शिवी हासडली. माझा राग मात्र जागचा हलला नव्हता.

"साक्षीदार म्हणून माझं नाव लिहा," मी म्हटलं. "उपटली त्यांनीच."